प्रकरण अभ्यास: ट्रंकवर ‘ॲड’ लिहायचं राहिलं आणि पूर तिसऱ्या मजल्यावर आला

चार मजल्यांचं कार्यालय. तक्रार फक्त तिसऱ्या मजल्याची: सकाळी साडेनऊ ते अकरा आणि पुन्हा दुपारी तीननंतर नेटवर्क रांगतं, फोनवर आवाज तुटतो. बाकी तीन मजले खुशाल. सर्व्हरवर ताण नाही, इंटरनेटची लाइन अर्धीही भरलेली नाही, देखरेखीच्या पडद्यावर सगळं हिरवं. एकाच मजल्याची तक्रार म्हटल्यावर संशय त्या मजल्याच्या स्विचवर जाणारच. स्विच जुनाही होता. चार दिवस पोर्ट आणि केबली तपासून झाल्यावर तो काढून नवा बसवला. तिसरा मजला शांत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिल्या मजल्याची तक्रार आली: नेटवर्क रांगतंय, आवाज तुटतोय.

पहिल्या मजल्यावर कोणी कशाला हातही लावलेला नव्हता. बिघाड स्विचमध्ये असता तर तो जुन्या स्विचबरोबर कपाटात गेला असता. तो शेजारच्या स्विचवर गेला, म्हणजे तो वरून येत होता आणि उतरायला जागा शोधत होता. खरा तपास इथून सुरू झाला.

जोडणी

वर दोन लेअर-३ स्विच (राउटरचंही काम करणारे), डी१ आणि डी२. दोघांमध्ये १० गिगाबिटचा ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच जाळ्यात वेगळी ठेवलेली आभासी नेटवर्क) एकत्र नेणारी तार. खाली प्रत्येक मजल्याला ४८ पोर्टचा एक स्विच, ए१ ते ए४. प्रत्येकाचे दोन अपलिंक (वर जाणाऱ्या तारा), एक डी१ला, एक डी२ला, दोन्ही १ गिगाबिट. सर्व्हरांचा स्विच वेगळा, तोही तसाच दोन्हीकडे जोडलेला.

व्हीलॅन १० मध्ये कर्मचाऱ्यांचे सुमारे १७० संगणक, २० मध्ये सर्व्हर, ४० मध्ये फोन, ९९ मध्ये स्विचांचं व्यवस्थापन. व्हीलॅन २० फक्त सर्व्हर-स्विचच्या अपलिंकवर सोडलेलं. स्पॅनिंग ट्री (चक्र होऊ नये म्हणून जादा वाटा अडवणारी पद्धत) रॅपिड पीव्हीएसटी, म्हणजे प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळी; गेटवेसाठी, म्हणजे व्हीलॅनबाहेर जायच्या दारासाठी, एचएसआरपी: दोघांपैकी एक ॲक्टिव्ह, दुसरा राखीव (स्टँडबाय). भार वाटायचा म्हणून व्हीलॅन १० आणि ४० साठी डी१ रूट (स्पॅनिंग ट्रीचं मूळ टोक) आणि डी१च ॲक्टिव्ह. व्हीलॅन २० साठी दोन्ही भूमिका डी२कडे. पाठ्यपुस्तकात दाखवतात तशीच मांडणी.

बरेच संगणक फोनच्या पाठीमागून जोडलेले. फोनमधला छोटा स्विच १०० मेगाबिटचा, त्यामुळे भिंतीतली केबल गिगाबिट पेलत असली तरी तो पोर्ट १०० वरच चालतो. एकाच मजल्यावर काही जण हैराण आणि शेजारच्याला काहीच जाणवत नाही, हे कोडं या १०० मेगाबिटनंच सुटलं. हैराण झालेले जवळजवळ सगळे फोनमागचे होते.

पोर्टवर काय दिसलं

ज्या मजल्यावर तक्रार, तिथल्या स्विचवर ‘शो इंटरफेसेस’ पाहिलं. सीआरसी चुका (तारेत खराब झालेली पाकिटं) शून्य, डुप्लेक्स दोन्हीकडे फुल. पण ‘टोटल आउटपुट ड्रॉप्स’ हा, बाहेर जाताना गळालेल्या पाकिटांचा, आकडा १०० मेगाबिटच्या प्रत्येक पोर्टवर चढत होता. आणखी एक गोष्ट खटकली: व्हीलॅन १०च्या जवळजवळ प्रत्येक पोर्टचा आउटपुट रेट सारखाच. गिगाबिट पोर्टवर २०० मेगाबिटच्या आसपास, १०० वाल्यांवर काठोकाठ. इनपुट मात्र काही किलोबिट. एका पोर्टवर फक्त प्रिंटर होता, त्या वेळी काहीही न छापणारा. त्यालाही २०० मेगाबिट जात होते. प्रिंटरला २०० मेगाबिट लागत नाहीत. त्याला दुसऱ्याची डाक मिळत होती.

सगळे पोर्ट एका सुरात लुकलुकायला लागले की पहिला शब्द तोंडात येतो ‘लूप’, म्हणजे पाकिटं गोल फिरत राहतील असं तारांचं चक्र. तो इथे टिकला नाही. लूपमध्ये ब्रॉडकास्टचे (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या पाकिटांचे) आकडे धावत सुटतात, स्विचचा सीपीयू वर जातो आणि एकच मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) दोन पोर्टांमध्ये उड्या मारतोय अशा ‘मॅकफ्लॅप’च्या नोंदी लॉगमध्ये पडतात. यातलं काहीच नव्हतं. ब्रॉडकास्टवर लावलेली स्टॉर्म कंट्रोलची मर्यादा एकदाही ओलांडली गेली नव्हती, कारण वाहत होतं ते ब्रॉडकास्ट नव्हतंच.

ते पाहायला स्पॅन पोर्टही (दुसऱ्या पोर्टची वाहतूक नकलून दाखवणारा) लागला नाही. व्हीलॅन १०च्या एका रिकाम्या पोर्टला लॅपटॉप लावून वायरशार्क (पाकिटं पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) चालू केलं. नीट चालणाऱ्या स्विचवर अशा पोर्टला ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट आणि आपली स्वतःची पाकिटं, एवढंच दिसायला हवं. इथे सर्व्हरकडून निघालेले टीसीपीचे भरगच्च प्रवाह दिसत होते, पत्ता दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या संगणकांचा. पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता प्रत्येक फ्रेमवर (तारेवरच्या पाकिटावर) एकच: डी२च्या व्हीलॅन १० इंटरफेसचा. या एका ओळीनं दोन गोष्टी सांगितल्या. फ्रेम व्हीलॅन १० मध्ये उतरवतोय तो डी२. आणि ज्याला ती द्यायची त्याचा पोर्ट डी२लाही माहीत नाही, मधल्या स्विचलाही नाही. मॅक टेबलमध्ये (कोणता पत्ता कोणत्या पोर्टपलीकडे, या यादीत) पत्ता नसेल तर स्विच ती फ्रेम त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर सोडतो. यालाच युनिकास्ट फ्लडिंग म्हणतात.

पाच मिनिटं आणि चार तास

पकडलेल्या फ्रेममधला चौथ्या मजल्यावरचा एक मॅक पत्ता घेऊन तिन्ही ठिकाणी ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल ॲड्रेस’ विचारलं. डी१: आहे, ए४कडच्या पोर्टवर. डी२: नाही. तक्रारीच्या मजल्यावरचा स्विच: नाही. मग डी२वर ‘शो आयपी एआरपी’. तिथे तोच पत्ता होता, वय १४३ मिनिटं. म्हणजे हा आयपी कोणत्या मॅकचा हे डी२ला ठाऊक, पण तो मॅक कोणत्या पोर्टपलीकडे आहे हे ठाऊक नाही.

हे कसं होतं ते पाहण्यासाठी एका डाउनलोडचा मार्ग धरू. चौथ्या मजल्यावरचा संगणक सर्व्हरला मागणी पाठवतो. त्याचा गेटवे डी१, म्हणून फ्रेम ए४वरून थेट डी१ला. डी१ ती व्हीलॅन २० मध्ये टाकून सर्व्हरला देतो. सर्व्हरचा गेटवे मात्र डी२. उत्तर डी२कडे येतं आणि डी२ ते स्वतःच व्हीलॅन १० मध्ये उतरवतो, कारण त्याचाही त्या व्हीलॅनमध्ये पाय आहे. जाताना डी१, येताना डी२. संगणकाची कुठलीही साधी फ्रेम डी२च्या पोर्टमधून आत येत नाही. आणि स्विच मॅक पत्ते शिकतो ते फक्त आत येणाऱ्या फ्रेमच्या पाठवणाऱ्यावरून.

सिस्को आयओएसवर (स्विचांच्या प्रणालीवर) मॅकची नोंद ३०० सेकंद पडून राहिली की पुसली जाते. एआरपीची नोंद १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास टिकते. संगणकानं कधी ब्रॉडकास्ट केला की डी२ला त्याचा पत्ता कळतो, पाच मिनिटांनी विसरतो, आणि पुढचे जवळजवळ चार तास एआरपीच्या भरवशावर पाठवत राहतो. सिस्कोच्याच नेक्सस स्विचांच्या एनएक्स-ओएसमध्ये हे उलट ठेवलंय: एआरपी १५०० सेकंद, मॅक १८०० सेकंद. एआरपी आधी संपतो, विचारणा होते, उत्तर येतं आणि मॅकची नोंद ताजी होते.

तपासाच्या आधीच्या आठवड्यात कोणीतरी डी२वर ‘क्लिअर एआरपी-कॅश’ दिलं होतं आणि ‘पाच मिनिटं छान चाललं, मग पुन्हा तेच’ असं वहीत लिहून ठेवलं होतं. ती नोंद तेव्हा कोणी मनावर घेतली नाही. एआरपी पुसल्यावर डी२नं सगळ्यांना नव्यानं विचारलं, उत्तरं डी२च्या मॅकवर आली, मॅक टेबल भरलं आणि ३०० सेकंदांनी रिकामं झालं. ‘बरोबर पाच मिनिटं’ हे शब्द तक्रारीत आले की मॅकची ही मुदत आधी आठवावी.

पण ही मांडणी तर पहिल्यापासूनच होती

होती. आणि फ्लडिंगही पहिल्यापासून होतं, फक्त कोणाच्या पायाला पाणी लागत नव्हतं. ट्रंक शाबूत असताना व्हीलॅन १० मध्ये प्रत्येक मजल्याच्या स्विचचा डी२कडचा अपलिंक स्विचच्या बाजूनं अडवलेला असतो. डी२ त्या तारांवर फ्रेम सोडतो, पलीकडचा पोर्ट त्या टाकून देतो. उरला डी१कडचा ट्रंक. डी१ला संगणकाचा पोर्ट माहीत असतो, तो फ्रेम योग्य मजल्यावर देतो. जुने आलेख काढून पाहिले तर अडवलेल्या अपलिंकवर डी२चं आउटपुट कित्येक महिने शंभर-दोनशे मेगाबिट दिसत होतं. बंद वाटेवर एवढी वर्दळ कशाची, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तेव्हा आता बदललं काय, एवढंच शोधायचं राहिलं. डी२वर ‘शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०’ दिलं. रूट पोर्ट (रूटकडे नेणारा पोर्ट) १० गिगाबिटचा ट्रंक असायला हवा, कॉस्ट (वाटेची किंमत, कमी ती चांगली) २. दिसला गिगाबिटचा पोर्ट, ए१कडे जाणारा, कॉस्ट ८. म्हणजे गिगाबिटच्या दोन तारांचे ४ अधिक ४. डी२ रूटपर्यंत ए१च्या पाठीवरून जात होता. ट्रंक पोर्ट ‘डेझिग्नेटेड, फॉरवर्डिंग’ दिसत होता: चालू, पण त्यावरून रूटचा एकही बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचा निरोप) येत नाही.

डी२वर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ निर्दोष होतं: १०, २०, ३०, ४०, ९९. इथे थांबलं असतं तर तपास पुन्हा भरकटला असता. ट्रंकला दोन टोकं असतात आणि परवानगीची यादी प्रत्येक टोकाची आपापली असते. डी१वर तीच आज्ञा दिली. पहिल्या तक्त्यात ‘ट्रंकिंग’. दुसऱ्या तक्त्यात, ‘व्हीलॅन्स अलाउड ऑन ट्रंक’ खाली, एकच आकडा: ३०.

व्हीलॅन ३० नवीन होतं, कॅमेऱ्यांसाठी. ते दोन्ही टोकांना जोडायचं होतं. डी२वर दिलेली आज्ञा अशी:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०

आणि डी१वर दिलेली अशी:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

‘ॲड’ असेल तर यादीत भर पडते. नसेल तर जुनी यादी जाऊन नवी बसते, आणि आयओएस त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जुनॉसवर (ज्युनिपरच्या प्रणालीवर) हात बसलेल्यांकडून ही चूक हमखास होते, कारण तिथे ‘सेट’नं दिलेलं व्हीलॅन यादीत मिळवलंच जातं.

मग नेटवर्क पडलं का नाही?

कारण स्पॅनिंग ट्रीनं आपलं काम चोख केलं. डी१नं व्हीलॅन १०चे बीपीडीयू ट्रंकवर पाठवणं थांबवलं. तार चालूच असल्यामुळे डी२नं तीन हॅलो, म्हणजे ६ सेकंद वाट पाहिली. मग मजल्यांच्या स्विचांकडून रूटचा पत्ता कळला आणि त्यांच्यापैकी एकाकडून वाट उघडली. एचएसआरपीचा होल्ड टाइम १० सेकंद. तेवढ्यात नवी वाट तयार झाल्यानं डी१ ॲक्टिव्ह आणि डी२ स्टँडबाय हे चित्र तसंच राहिलं. लिंक खाली गेली नाही, गेटवे बदलला नाही, पिंग चुकलं तर दोन-चार. देखरेखीच्या प्रणालीला लाल व्हायला कारणच मिळालं नाही.

वाट नेमकी कोणाकडून उघडली? चारही स्विचांची कॉस्ट सारखी. बरोबरी झाली की समोरच्याचा ब्रिज आयडी (आधी प्रायॉरिटी, मग मॅक) बघतात, जो लहान तो जिंकतो. प्रायॉरिटी सगळ्यांची मूळचीच, ३२७६८, म्हणून निर्णय मॅक पत्त्यावर आला. तिसऱ्या मजल्यावरचा स्विच सगळ्यांत जुना, त्याचा मॅक सगळ्यांत लहान. इमारतीतलं सगळ्यांत थकलेलं यंत्र दोन मुख्य स्विचांमधला पूल झालं. ते काढल्यावर पुढचा लहान मॅक ए१चा होता आणि पूल पहिल्या मजल्यावर गेला. स्विच बदलल्यावर तक्रार का हलली, याचं उत्तर एवढंच.

आता डी२नं सोडलेली प्रत्येक अनोळखी फ्रेम या पूल झालेल्या स्विचवर येते. त्यालाही इतर मजल्यांचे मॅक माहीत नाहीत, कारण तिथले संगणक त्याच्यातून बोलतच नाहीत. तो फ्रेम आपल्या सगळ्या पोर्टांवर आणि डी१कडे सोडतो. डी१ ती योग्य ठिकाणी पोचवतो, म्हणून डाउनलोड करणाऱ्याला काही कळत नाही. पुलावर राहणाऱ्यांना मात्र सगळ्या इमारतीची डाउनलोड आपल्या पोर्टवर झेलावी लागतात. २०० मेगाबिटचा लोंढा गिगाबिटच्या पोर्टवर खपून जातो, १०० च्या पोर्टवर मावत नाही. ॲक्सेस पोर्टवर (संगणक-फोन जोडतात त्या) आवाजासाठी प्रायॉरिटी क्यू लावलेली नव्हती, त्यामुळे फोनची पाकिटंही त्याच रांगेत उभी राहून गळत होती. सर्व्हरांच्या बाजूला त्रास झाला नाही: व्हीलॅन २०चा पूल सर्व्हर-स्विच झाला होता, पण सर्व्हर त्यालाच जोडलेले असल्यानं त्याला त्यांचे पोर्ट माहीत होते.

दुरुस्ती

कामकाज संपल्यावर, डी१च्या कन्सोलवर बसून. व्यवस्थापनाचं व्हीलॅन ९९ याच ट्रंकवर येणार असल्यानं दूरवरून करायचं असेल तर आधी ‘रीलोड इन १०’ द्यावं; संपर्क तुटला तर दहा मिनिटांत स्विच जतन केलेल्या कॉन्फिगवर परत येतो, सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’. आणि तोपर्यंत काहीही जतन करू नये, नाहीतर या सोयीला अर्थ उरत नाही.

इंटरफेस टेनगिगाबिट १/१/१
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड १०,२०,४०,९९

डी२वर रूट पोर्ट लगेच ट्रंकवर आला, कॉस्ट २. मजल्यांच्या स्विचांचे डी२कडचे पोर्ट पुन्हा ‘अल्टरनेट’ झाले. त्या प्रिंटरचा आउटपुट रेट किलोबिटवर उतरला. हा आकडा मूळचा पाच मिनिटांची सरासरी असतो, म्हणून लगेच निकाल हवा असेल तर पोर्टवर ‘लोड-इंटरव्हल ३०’ लावून बघावं. नाहीतर दुरुस्ती होऊनही झाली नाही असं वाटत राहतं.

इथे थांबता आलं असतं, पण अडवलेल्या तारांवरची निरर्थक वर्दळ तशीच होती, आणि ट्रंक पुन्हा कधी खरोखर तुटला तर हाच प्रकार होणार. म्हणून मुळाशी असलेली मुदतींची तफावत काढली. दोन पर्याय होते. मॅकची मुदत १४,४०० सेकंद करायची किंवा एआरपीची ३०० च्या खाली आणायची. पहिला पर्याय कागदावर सोपा, पण स्पॅनिंग ट्रीत बदल झाला की मॅक टेबल पुसलं जातं, मुदत कितीही असो. एआरपी मात्र तसाच उरतो आणि पूर चार तास राहू शकतो. म्हणून दुसरा घेतला. दोन्ही लेअर-३ स्विचांवर, व्हीलॅन १०, २० आणि ४० च्या इंटरफेसवर:

एआरपी टाइमआउट २७०

१७० संगणकांना २७० सेकंदांत एकदा विचारायचं म्हणजे सेकंदाला एक विचारणाही पडत नाही. सीपीयूला ते जाणवत नाही.

टेबल पुसलं जाण्याचं प्रमाणही कमी करायचं होतं. मजल्यांच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्टला शेवटचं टोक मानून लगेच चालू करणारी सोय) नव्हता, त्यामुळे प्रत्येक संगणक चालू झाला की टोपॉलॉजी चेंज (जोडणी बदलल्याचा निरोप) जाहीर व्हायचा आणि सगळीकडची टेबलं पुसली जायची. साडेनऊला एकामागून एक यंत्रं चालू होतात, तेव्हाच तक्रार भडकायची. कामाची गर्दी आणि हे पुसणं एकाच वेळी. ‘शो स्पॅनिंग-ट्री डिटेल’मध्ये बदलांचा आकडा हजारांत होता, म्हणून ट्रंक बिघडला त्या दिवशीचा खरा बदल त्या गर्दीत हरवून गेला होता. सर्व ॲक्सेस पोर्टवर पोर्टफास्ट आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावला. पोर्टफास्ट एकटा लावू नये. कोणी टेबलाखाली छोटा स्विच जोडून लूप केला तर गार्ड पोर्ट बंद करतो.

‘स्विचपोर्ट ब्लॉक युनिकास्ट’ लावून पोर्टवरचं फ्लडिंगच थांबवू, अशी सूचना आली होती. ती नाकारली, आणि योग्यच केलं. पाच मिनिटं गप्प बसलेल्या प्रिंटरची नोंद त्याच्याच स्विचवरून पुसली जाते. मग त्याला पाठवलेली फ्रेमही अडवली जाते आणि ‘प्रिंटर मधूनच गायब होतो’ अशी नवी तक्रार जन्माला येते.

शेवटी भार वाटण्याचा विषय. जाताना एक, येताना दुसरा, ही मांडणी ठेवायचं खरं तर कारण नव्हतं. कुठलाही अपलिंक कधी निम्माही भरत नव्हता. या आकाराच्या इमारतीत दोन गेटवेंमध्ये व्हीलॅन वाटून घेणं हा हौसेचा मामला आहे. तपास करणाऱ्याला मात्र तो प्रत्येक वेळी दोन बाजूंनी पळवतो. पुढच्या देखभालीच्या वेळी व्हीलॅन २०चा रूट आणि एचएसआरपीची ॲक्टिव्ह भूमिका, दोन्ही एकाच बैठकीत डी१वर आणल्या. यातली एकच हलवली असती तर वाहतूक ट्रंकवरून उगाच हेलपाटे घालत राहिली असती. त्याच वेळी ए१ ते ए४ ची व्हीलॅन १० आणि ४० मधली प्रायॉरिटी ६१४४० केली, मूळ ३२७६८ च्या बरीच वर, म्हणजे त्यांच्यापैकी कोणी चुकूनही रूट होणार नाही. पूल कोण होणार हे यानं ठरत नाही, कारण चौघांचा आकडा सारखाच राहतो. ते ठरवायचं तर त्यातल्या एकाची प्रायॉरिटी मुद्दाम थोडी कमी ठेवावी लागते. इथे ती ए४ला ५७३४४ दिली, तिथे फोनमागचे संगणक सगळ्यांत कमी आहेत.

देखरेखीत तीन गोष्टी वाढवल्या. डी२चा रूट पोर्ट ट्रंकवरून हलला की इशारा. अडवलेल्या अपलिंकवर ५ मेगाबिटपेक्षा जास्त वर्दळ दिसली की इशारा. आणि दोन्ही टोकांच्या ट्रंक याद्यांची रोज रात्री आपोआप तुलना; फरक आढळला तर सकाळी मेल. कोणी कोणती आज्ञा दिली याची नोंद स्विचवर आधी नव्हती, ती ‘आर्काइव्ह’खालच्या ‘लॉग कॉन्फिग’नं सुरू केली. टॅकॅक्स प्लस सर्व्हरवर (कोणाला कोणती आज्ञा देता येईल हे ठरवणाऱ्या) नियमही घातला: ‘अलाउड व्हीलॅन’नंतर ‘ॲड’ किंवा ‘रिमूव्ह’ नसेल तर आज्ञा नामंजूर. नवा ट्रंक पहिल्यांदा बांधताना याचा त्रास होतो, कारण तिथे अख्खी यादी एकदम द्यावीच लागते. त्यासाठी वेगळं खातं ठेवलंय, आणि ते वापरताना दुसरा माणूस पडद्याकडे बघत बसतो.